सहा-बाराची गाडी

आमच्या कात्रपच्या घरात घड्याळ आलं ते १९६१ साली, बा ठाण्याच्या एका कारखान्यात कामाला लागला तेव्हा. त्याआधी घरात घड्याळ नव्हतं, पण वेळ होती. ती रुळांवरून यायची.

आज कात्रप म्हटलं की बदलापूर पूर्वेच्या इमारती, रिक्षांची रांग आणि दुकानांच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. माझ्या लहानपणी कुळगावच्या बाजूचं हे एक लहानसं गाव होतं. भाताची खाचरं, हिवाळ्यात वालाचं पीक, आणि बांधाबांधानं गेलं की अर्ध्या तासात स्टेशन. मधे आडवं असं काही नव्हतं, त्यामुळे गाडीचा आवाज घरात स्वच्छ ऐकू यायचा. आजीला त्या आवाजावरून गाडी कळायची. मालगाडी कुंथत जायची, मेल जमीन हलवत जायची, आणि थांबणारी गाडी आधी दमायची, मग गप्प व्हायची. पहाटेची पहिली अप गेली की म्हशींच्या धारा. दुपारची मेल गेली की भाताचं आधण. संध्याकाळची डाऊन गेली की देवापुढे दिवा. अप म्हणजे मुंबईकडे आणि डाऊन म्हणजे कर्जतकडे, एवढं इंग्रजी आजीला पुरत होतं.

एकदा आवणीच्या दिवसांत मेल दोन तास उशिरा आली. घाटात काही अडलं होतं, असं मागाहून कळलं. शेतात आठ-दहा बाया वाकून राब लावत होत्या. सूर्य ढगात. जेवण काही येईना. शेवटी आजा चिखलाच्या पायांनी घरी आला तर चूल थंड. तो ओरडला, "अगं, बारा कवाच वाजून गेले!" आजी शांतपणे म्हणाली, "गाडीच गेली नाय, तर बारा कसे वाजतील?"

हा किस्सा आमच्या घरात पुढे चाळीस वर्षं हसून सांगितला जायचा. मीही सांगायचो. मग बा गेला, त्याची पत्र्याची पेटी उघडली, आणि त्या दिवसापासून मला त्याचं हसू येईनासं झालं. पेटीत काय होतं ते पुढे सांगतो. त्याआधी ही गाडी आमच्या वेळेची मालकीण कशी झाली, ते सांगायला हवं.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगीनगाडी धावली, हे शाळेत सगळेच शिकतात. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत आले. आणि १२ मे १८५६ ला कल्याणपासून खोपोलीपर्यंतचा मार्ग सुरू झाला, तो आमच्या शिवाराच्या अंगावरून. हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला या कंपनीचा. कंपनीला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची नजर घाटावर होती. पलीकडे दख्खनचा कापूस होता, पुण्याची छावणी होती. उल्हास नदीचं खोरं सपाट आणि सोयीचं, म्हणून रूळ खोऱ्यानं घाटाच्या पायथ्याला नेले. सुरुवातीची काही वर्षं खोपोलीला उतरून लोक पालख्यांतून, तट्टांवरून खंडाळ्याला चढत आणि तिथून पुढे पुन्हा गाडीत बसत. २१ एप्रिल १८६३ ला भोर घाटाचा मार्ग उघडला आणि मुंबई-पुणे सलग जोडलं गेलं.

बदलापूर या नावाबद्दल आमच्याकडे सांगतात, की पूर्वी प्रवासी इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरंखोटं देव जाणे. पण खरं असेल तर गंमत आहे. घोड्यांच्या काळात प्रत्येक वाटसरूला इथे थांबावं लागत होतं. गाडी आल्यावर थांबायचं की नाही ते मुंबईत बसून ठरायला लागलं.

गाडीबरोबर वेळही बाहेरून आली. त्या काळी प्रत्येक गावाची वेळ आपापल्या सूर्याची असे. डोक्यावर सूर्य आला की बारा. मुंबईची वेळ आणि आमची वेळ जवळजवळ एकच होती, कारण अंतर थोडं. पण लांब पल्ल्याच्या गाड्या अशा गावोगावच्या वेळेवर चालेनात, म्हणून रेल्वेनं मद्रासच्या वेधशाळेची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटं पुढे. म्हणजे स्टेशनाच्या भिंतीवर साडेबारा झालेले असत आणि बाहेर सावली बारा दाखवत असे. वेळापत्रक वाचता येणाऱ्यालाही हा हिशेब मनात करावा लागे. वाचता न येणाऱ्यानं काय करायचं? त्यानं स्टेशनात जाऊन बसून राहायचं. आमच्या लोकांना गाडीच्या आधी दोन तास फलाटावर जाऊन बसायची सवय आहे म्हणून शहरातली माणसं हसतात. ती सवय इथून आली असं मला वाटतं. आपल्या आणि स्टेशनाच्या घड्याळातली फट माणसानं अंगानं भरून काढली.

१९०६ च्या जानेवारीपासून सरकारनं सगळ्या देशाला एकच वेळ दिली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. मुंबईकरांना हे मुळीच पसंत पडलं नाही. त्याच महिन्यात काही गिरणी कामगारांनी नव्या वेळेनं कामावर यायला नकार दिला, दगडफेक झाली. अंधारात उठून गिरणीत जायचं, ते कुणाच्या घड्याळासाठी, असा त्यांचा सवाल होता. मुंबई शहरानं आपला जुना 'मुंबई टाइम' त्यानंतरही सोडला नाही. तो पूर्ण जायला १९५५ साल उजाडावं लागलं. जवळजवळ पन्नास वर्षं एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. लग्नपत्रिकेवर, सभेच्या जाहिरातीवर 'स्टँडर्ड टाइम' की 'मुंबई टाइम' हे लिहावं लागे.

आजाच्या तोंडी मात्र राहिला तो 'लढाईचा टाइम'. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ला सरकारनं घड्याळं आणखी एक तास पुढे केली. ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच होती. ३९ मिनिटं आधीचीच होती, त्यात हा एक तास. म्हणजे घड्याळात सहाला सुटणारी गाडी सूर्याच्या हिशेबानं चार-एकवीसला सुटायची. आजा तेव्हा दुधाच्या किटल्या घेऊन पहाटेच्या गाडीनं कल्याणला जात असे. तो सांगायचा, "माणसाला हुकूम देता येतो रे, म्हशीला कोन सांगनार टाइम बदलला म्हनून?" मध्यरात्र सरली की धारेला बसायचं, म्हैस पान्हा सोडायची नाही, लाथा झाडायची. पहिले काही आठवडे निम्मं दूध भरायचं. पुढे म्हशींना सवय झाली. आजा म्हणायचा, आपल्याला कधीच झाली नाही. तीन वर्षांनी टाइम पुन्हा मागे आला, तेव्हा म्हशी परत अडल्या.

बा ठाण्याला लागला तेव्हा देशही एक होता आणि वेळही एकच होती. जुनी कंपनी जाऊन १९५१ पासून मध्य रेल्वे झाली होती. बानं एक मनगटी घड्याळ घेतलं, आणि भिंतीवरचं एक जुनं, किल्लीचं. कारखान्याचा भोंगा साडेसातला. सहा-बाराची गाडी धरली की सातनंतर ठाणं, पुढे पंधरा मिनिटं चालत. सगळं बसत होतं. फक्त सहा-बाराची गाडी सहा-बाराला यायला हवी होती.

ती का येत नसे, हे मला गावातल्या एका काकांनी समजावून सांगितलं होतं. ते पॉइंट्समन होते. अंगणात त्यांनी काठीनं दोन रेघा ओढल्या. "ह्या आपल्या. एक जायची, एक यायची. ह्याच्यावरनंच लोकल, ह्याच्यावरनंच मेल, ह्याच्यावरनंच माल." मग त्या रेघा कल्याणला नेऊन तिथे दुसऱ्या दोन रेघा मिळवल्या. "ही कसाऱ्याकडनं आली. आता दोघींना एका दारातनं आत जायचंय. पहिलं कोन?" मी म्हटलं, जी आधी आली ती. काका हसले. "मेल पहिली. मग बाकीच्या."

आजही आमच्या मार्गाचं सगळं शास्त्र त्या चार रेघांत आहे. कल्याणपासून मुंबईकडे रूळ वाढत गेले, पण कल्याणच्या अलीकडे कर्जतच्या बाजूला दोनच राहिले. भोर घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट. मागून ढकलायला जादा इंजिनं लावल्याशिवाय गाड्या वर चढत नाहीत. उतरणाऱ्या गाड्याही जपूनच उतरतात. तिथे एखादी मेल अर्धा तास अडली, की तिची जागा ती खाली येऊन मागते, आणि ती जागा कुणाची तरी काढून द्यावी लागते. ज्याची काढतात तो फलाटावर उभा असतो. त्याला कारण दिसत नाही, कारण ते वीस मैलांवर घाटात घडलेलं असतं. विठ्ठलवाडी आणि कल्याणच्या मधे लोकल उभी राहिली की प्रवासी मोटरमनला शिव्या देतात. त्याच्यासमोर तर फक्त लाल दिवा असतो.

कारखान्याला मात्र रेघा दिसत नव्हत्या. महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे. बानं कुणाच्या तरी सांगण्यावरून स्टेशनमास्तरांकडून दाखला घ्यायला सुरुवात केली. छोटी चिठ्ठी, त्यावर तारीख, गाडी, किती मिनिटं उशीर, खाली सही-शिक्का. मास्तर भला माणूस, गर्दीतही लिहून द्यायचा. पहिली चिठ्ठी बानं मोठ्या भरवशानं कारखान्याच्या टाइमकीपरपुढे ठेवली. टाइमकीपरनं ती वाचली आणि परत केली. "गाडी लेट होती, मान्य. पण तेवढा वेळ मशीन काय स्टेशनमास्तर चालवणार?"

बानं वाद घातला नाही. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि नोकरी नवी होती. त्यानं दुसरं केलं. तो पाच-बावीसच्या गाडीनं जायला लागला. चारला उठायचं, आई कंदिलाच्या उजेडात भाकऱ्या थापायची, पाचला दहा कमी असताना घर सोडायचं. पावसाळ्यात चप्पल हातात आणि डोक्यावर इरलं. गाडी वेळेवर आली तर तो भोंग्याच्या तासभर आधी पोचायचा. दार उघडेपर्यंत बाहेरच्या चहावाल्याच्या बाकड्यावर बसून राहायचा. गाडी उशिरा आली तर बरोबर वेळेत पोचायचा. म्हणजे गाडीचा उशीर त्यानं स्वतःच्या झोपेतून आगाऊ भरून ठेवला होता.

तो गेल्यावर मी एकदा बसून हिशेब केला. दोन गाड्यांमधे ५० मिनिटं. वर्षाचे ३०० दिवस. १९६१ ते १९८७, नोकरीची २६ वर्षं. सहा हजार पाचशे तास होतात. रात्र-दिवस धरून २७० दिवस. आमच्या बानं आयुष्यातले नऊ महिने, उशीर होऊ नये म्हणून, वेळेच्या आधी जाऊन बसण्यात घालवले. त्याचा पगार कुणी दिला नाही. तो कुठल्या नोंदीतही नाही.

या सगळ्या वर्षांत वेळापत्रक पूर्ण मोडलेलं मी एकदाच पाहिलं. ८ मे १९७४ ला रेल्वे कामगारांचा देशभराचा संप सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला गेला. त्या दिवसांत बा ठाण्याला एका पाहुण्याच्या खोलीवर राहिला. घरी आजी अस्वस्थ. भिंतीवर घड्याळ होतं, पण तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ती अंगणात खांबाची सावली बघून चूल पेटवायची. एका दुपारी ती मला म्हणाली, "लहानपनी आई असंच बघायची." तिनं शिकलेली वेळ रुळांवरची होती, पण त्याखाली तिच्या आईची वेळ शाबूत होती. संप मिटला, पहिली गाडी गेली, आणि आजी पुन्हा कान देऊन बसायला लागली.

मग घरं आली. मुंबईत परवडेना तशी माणसं डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी सरकत सरकत आमच्या खाचरांपर्यंत आली. आमचीही खाचरं गेली, खोटं कशाला बोलू, आम्हीच विकली. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात गेली. माणसं इतकी वाढली आणि रूळ मात्र काकांच्या त्या दोन रेघांएवढेच राहिले. फलाटावर एक नवी भाषा सुरू झाली. 'आज पाच-बावीस पावणेसहाला आली', 'सहा-बारा अजून वांगणीच सोडत नाही'. बाहेरच्या माणसाला हे वाक्य वेड्यासारखं वाटेल. पण आमच्याकडे घड्याळातली वेळ हे गाडीचं नाव झालं आहे. नाव काही खोटं पडत नाही. आमच्या आळीत एक भीमा होता, त्याला वारा आला तरी काठी लागायची.

नावाला हसता येतं ते घरी. १२ ऑगस्ट २०१६ च्या शुक्रवारी पहाटे बदलापूरच्या प्रवाशांना हसू आलं नाही. रोजच्या उशिराला कंटाळून ते रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या अडून राहिल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २ जानेवारी २०१५ ला, दिव्यात असाच उद्रेक झाला होता. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. गलका ऐकून स्टेशनाकडे गेलो आणि पुलावर उभा राहिलो. खाली उभी असलेली पोरं माझ्या मुलाच्या वयाची. त्यांचं बरोबर होतं असं एकदम म्हणवत नाही. मागे अडलेल्या गाड्यांतही त्यांच्यासारखेच लोक होते, त्यांनाही लेट मार्क होता, एखाद्याला दवाखान्यात पोचायचं असेल. पण ती पोरं मोठ्यानं जे म्हणत होती, ते बा सव्वीस वर्षं चहाच्या बाकड्यावर गप्प बसून म्हणत होता.

वेळ एकच असूनही गाडी आपली राहत नाही, हेही पाहिलं. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेवर काही नेहमीच्या लोकलांच्या जागी वातानुकूलित लोकल आल्या. दिवसाला दहा फेऱ्या. वेळापत्रकात मिनिट तेच. पण साध्या पासवाल्याला त्या डब्यात पाऊल ठेवता येईना, आणि मागची गाडी दुप्पट भरायला लागली. कळव्यात आणि बदलापुरात लोक जमले, आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. तेव्हा कळलं, की गाडी किती वाजता येते एवढंच वेळापत्रकात नसतं. कुणासाठी येते तेही असतं, फक्त छापलेलं नसतं.

आणि कधी कधी नदी सगळ्यांनाच वेळ विसरायला लावते. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हासच्या पुरात अडकली. हजारावर माणसं रात्रभर अंधारात, डब्यांभोवती पाणी. दुसऱ्या दिवशी होड्यांतून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. चामटोलीच्या आसपासची गावकरी मंडळीही धावली. मेल थांबली ती आमच्या दारात. घोडे बदलायचे त्या काळानंतर पहिल्यांदाच एवढे लांबचे वाटसरू आमच्या गावात चहा प्यायला थांबले असतील.

आता कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम निघालंय. सुमारे १४ किलोमीटर. काकांनी अंगणात ओढलेल्या दोन रेघांशेजारी आणखी दोन. काका असते तर त्यांना दाखवायला नेलं असतं.

पेटीचं राहिलं. बाच्या पत्र्याच्या पेटीत जुने पास होते, पीएफचे कागद होते, आणि एका सुतळीत बांधलेल्या त्या चिठ्ठ्या. एक्केचाळीस. पहिलीच नाकारली गेली होती, तरी गाडी फार उशिरा आली की तो दाखला घेतच राहिला होता. कुणाला दाखवायला नव्हे. आईला एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "मी म्हटलं जाळून टाका. तर म्हनाले, आपन आळशी नव्हतो, एवढं कुठंतरी लिहिलेलं राहू दे."

यंदा माझी नात नोकरीला लागली. ठाण्यालाच. ऑफिस नऊचं. पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्री ती फोनवर गाडी बघत होती. मी म्हटलं, "बाय, त्याच्या आधीची धर. तासभर आधी गेलेलं बरं." माझ्या तोंडून बाच बोलला. तिनं मान वर केली. "का, आबा? उशीर गाडी करणार आणि झोप माझी जाणार?"

मला उत्तर सुचलं नाही. मी उठून पेटी काढली आणि सुतळी सोडून चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. तिनं एकेक वाचली. काहींवरची शाई उडाली आहे, शिक्का तेवढा दिसतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून पुन्हा बांधल्या.

ती तिच्याच गाडीनं गेली. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस संध्याकाळी घरी आली, तेव्हा चेहरा उतरलेला. सकाळची गाडी बावीस मिनिटं उशिरा. लेट मार्क बसला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. साहेबांना लिहून दिलं, गाडी इतकी मिनिटं लेट होती, माझा लेट मार्क काढा. गाडीची वेळ दाखवणारा फोनवरचा फोटोही जोडला."

"काढला का?"

"नाही अजून," ती म्हणाली. "उद्या परत विचारणार आहे."